प्रकाशाचे कण वेचणारा डोळा

अमावास्येच्या रात्री प्रकाश मुळीच नसतो, असा आपला समज असतो. परंतु तो खरा नव्हे. त्या काळोखातही ताऱ्यांचा प्रकाश भूमीवर उतरतच असतो. तो अत्यंत अल्प असतो, एवढेच. हा अल्प प्रकाश टिपून त्यातून स्पष्ट चित्र उमटवणे, हे छायाचित्रणापुढील एक बिकट कोडे होय.

पूर्वी कॅमेऱ्यात प्रकाश फिल्मवर पडे आणि त्याचा फारच थोडा अंश उपयोगी येई. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉईल व जॉर्ज स्मिथ यांनी सी.सी.डी. हे नवे साधन शोधून काढले. याच कार्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा साधनाला संवेदक म्हणतात. आजच्या संवेदकात सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. घरात प्रकाशकण शिरला, की तेथे एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. ज्या घरात इलेक्ट्रॉन अधिक, तो चित्राचा भाग अधिक उजळ.

मग अंधारातले चित्र रवाळ का दिसते? अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. मुसळधार पावसात सर्व वाट्यांत जवळजवळ सारखेच पाणी साचेल; परंतु चारच थेंब शिंतडले, तर एकीत तीन पडतील आणि दुसरी कोरडीच राहील. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रत्येक घरात सरासरी १०,००० कण येत असले, तर घराघरांत साधारणतः १०० कणांचा, म्हणजे शेकडा एक इतकाच फरक पडतो. पण सरासरी १०० कण येत असले, तर फरक १० कणांचा, म्हणजे शेकडा दहा होतो. त्यातच उष्णतेमुळे प्रकाशावाचूनही काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीवरील संवेदक अतिशय थंड ठेवतात.

तेव्हा मुख्य उपाय एकच : आलेला कण वाया जाऊ द्यायचा नाही. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सी-मॉस जातीचे संवेदक असतात. त्यांत पूर्वी घरांच्या वरून तारांचे जाळे जाई आणि ते प्रकाश अडवी. जणू वाट्यांवर काटक्यांचा मांडव! तंत्रज्ञांनी तो तुकडा उलटा केला, त्याची पाठ घासून पातळ केली आणि प्रकाश त्या बाजूने आत घेतला. जाळे आपोआप घरांखाली गेले. २००९ च्या सुमारास असे संवेदक सर्वसामान्यांच्या कॅमेऱ्यांत आले आणि पुढे भ्रमणध्वनीतही बसले. आता भ्रमणध्वनी एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र मिळवतो. त्यामुळे कणांची संख्या वाढते.

तथापि एक मर्यादा कोणालाही ओलांडता आलेली नाही. जो कण घरात पोचलाच नाही, तो कोणतेही यंत्र मागून निर्माण करू शकत नाही. काही यंत्रे रिकाम्या जागी अंदाजाने रेषा व रंग भरतात. असे चित्र देखणे दिसते. पण चित्राच्या आधाराने चोर ओळखायचा असेल किंवा नवा तारा शोधायचा असेल, तर देखणेपणा काय कामाचा? तेथे हवी असते साक्ष, आणि साक्ष देतो तो प्रत्यक्ष येऊन पोचलेला प्रकाशकणच.