मेळांतलें सोंग

अलीकडे शहरांतील सुशिक्षित घरांत एक नवा खेळ दिसूं लागला आहे. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो. बाकीचे एकेक पात्र होऊन तींत शिरतात. रंगमंच नाहीं, पोशाख नाहीं, लिहिलेलें नाटकही नाहीं. आपलें पात्र काय करणार हें खेळणारानें बोलून दाखवावयाचें, आणि त्यांत यश कीं अपयश हें फांसे टाकून ठरवावयाचें. या जातीचा पहिला छापील खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक यांपैकीं एक होऊन खेळावयाचें असे. पुढें असे खेळ पुष्कळ निघाले, आणि आपल्याकडील तरुण मंडळीही आतां त्यांत रमतात.

या खेळांत एक अडचण मात्र वारंवार येते. प्रत्येक जण आपल्या खोलींत एकटा बसून आपलें पात्र रचतो. एकाचा नायक अनाथ, अबोल व सूडानें पेटलेला, दुसऱ्याचाही तसाच, तिसऱ्याचा तर कोणावरच विश्वास नाहीं. असे तीन वीर एखाद्या धर्मशाळेंत भेटले म्हणजे तिघेही तीन कोपऱ्यांत तोंडें फिरवून बसतात, आणि सूत्रधाराची कथा उंबरठ्यावरच अडून राहते. एकेक पात्र पाहिलें तर चांगलें. पण खेळ मात्र बिघडतो. असें कां व्हावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास समुद्रापार जाण्याचें कारण नाहीं. तें समुद्राच्या अलीकडे, सिंधुदुर्गांत आहे. मालवण, कुडाळ, वेंगुर्लें व सावंतवाडी या भागांत कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्रीं देवळासमोर दशावतारी नाटक उभें राहतें. वालावल, मोचेमाड, चेंदवण, आजगांव अशा गांवांचीं नांवें या नाट्यमंडळांच्या नांवांतून सर्वत्र पोंचलीं आहेत. मागें एक पडदा, मध्यें एक बांकडें, बाजूला पायपेटी, मृदंग व झांज, एवढाच सरंजाम. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन हे नट गांवोगांव पायीं फिरत, आणि पावसाळ्यांत आपली शेती पाहत.

या नाटकाला लिखित संहिता नसते. रात्रीचें आख्यान ठरलें म्हणजे मंडळाचा प्रमुख पात्रें वाटून देतो व प्रवेशांचा क्रम सांगतो. पुढचें सारें भाषण नटांनीं उभ्या उभ्या रचावयाचें. कोणी राजपार्टी, कोणी खलपार्टी, कोणी स्त्रीपार्टी. नारद आणि ऋषी यांवांचून तर बहुतेक आख्यानांचें पान हालत नाहीं. समोरचा काय बोलेल हें कोणासही आधीं ठाऊक नसतें, तरी उजाडेपर्यंत नाटक तुटत नाहीं.

मराठी रंगभूमीचा आरंभही असाच झाला. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां पदें सूत्रधार म्हणे आणि पात्रें आपलीं भाषणें स्वयंस्फूर्तीनें करीत. पुढें लेखी नाटकें आलीं आणि पात्रांचा मेळ घालण्याचें काम नाटककाराकडे गेलें. कोणी केव्हां बोलावें, कोणी कोणास उत्तर द्यावें, कोणी हरावें, हें सर्व तोच ठरवूं लागला. जेथें नाटककार नाहीं, तेथें हें काम नटांवरच पडतें. दशावतारी नट तें जाणून करतो. मेजाभोंवतीं बसलेला खेळगडी स्वतःस नायक समजतो. आपण नाटककाराचाही एक वांटेकरी आहों, हें तो विसरतो. अडचण आहे ती येथें.

पूर्वरंगांतला संकासुर पाहा. गणपति, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात आणि हा काळ्या वेषांतला दैत्य अवतरतो. वेद चोरणारा हा असुर बोलतो मात्र मालवणींत! गांवांतल्या गोष्टींवर टीका करतो, लोकांस हंसवतो, आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. देवांची भाषा शुद्ध व गंभीर, म्हणूनच याची मालवणी खुलते; हा उच्छृंखल, म्हणूनच विष्णूच्या येण्याला अर्थ येतो. जमलेली हंशाटाळी सोडून वेळेवर मरावयाचें, हें त्या नटाचें खरें कौशल्य. तो मरावयास तयार नसेल तर आख्यानास सुरुवात कशी व्हावी?

कोणी म्हणेल, मग सर्वांनीं गोडच बोलावें कीं काय? एकलकोंड्या, रागीट पात्रास जागाच नाहीं काय? अवश्य आहे. विश्वामित्राहून मानी व कोपिष्ट कोण असेल? परंतु तोही रामायणांत दशरथाच्या दारीं येतो, कारण यज्ञाच्या रक्षणासाठीं त्याला राम हवा असतो. त्या एका गरजेनें तो कथेशीं बांधला जातो. आपलें पात्र कितीही तिरसट असो, इतरांवांचून पुरी न होणारी एक तरी गरज त्याच्या पदरीं बांधून द्यावी. नारदाचें उदाहरण याच्या उलट. त्याला स्वतःसाठीं कांहीं नको असतें. पण याची बातमी त्याला आणि त्याची याला सांगून तो सर्वांस एकत्र आणतो. असें एक पात्र मेळांत असलें म्हणजे सूत्रधाराचें निम्मे ओझें हलकें होतें.

यास्तव पात्र रचण्यापूर्वी सर्वांनीं एकदां एकत्र बसावें. कथा युद्धाची कीं प्रवासाची, गंभीर कीं विनोदी, हें आधीं ठरवावें. नंतर प्रत्येकानें चार प्रश्नांचीं उत्तरें मोठ्यानें द्यावीं: यांपैकीं कोणा दोघांशीं माझी आधींची ओळख आहे? मी यांच्याबरोबर कां निघालों? इतरांस न येणारें मला काय येतें? आणि मला काय येत नाहीं? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याला सर्वच येतें, त्याच्या शेजारीं दुसऱ्यास करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. खेळतांनाही आपलें वाक्य असें टाकावें कीं पुढच्यास तें उचलतां यावें. दशावतारांतला मुरलेला राजपार्टी नवख्या नटास प्रश्न विचारतो, आणि तो अडखळला तर दुसरा, सोपा प्रश्न विचारतो. प्रेक्षकांस त्यांत राजाची चौकशी दिसते. नवख्यास मात्र हात मिळालेला असतो.

एकत्र कुटुंबांत या गोष्टीचें मोल अधिक आहे. घरांत प्रत्येकाचें सोंग जन्मानें किंवा नात्यानें आधींच ठरलेलें असतें: आजोबांनीं सांगावें, मुलांनीं ऐकावें, नव्या सुनेनें बेतानें बोलावें. सुटीच्या दिवशीं या खेळाच्या निमित्तानें आजोबा नातवाचे सेवक होऊं शकतात, आणि एरवीं तोंड न उघडणारी धाकटी नात सेनापति होऊं शकते. परंतु तिच्या सेनापतीची इतरांस गरज पडेल अशी तजवीज वडील मंडळींनीं आपल्या पात्रांत करून ठेविली पाहिजे. नाहींतर खेळांतही थोरले बोलतील आणि धाकटी फांसे वेंचून देईल.

खेळ उठल्यावर कोणाचा नायक किती शूर ठरला, हें विचारूं नये. सर्वांत कमी बोलणाऱ्याच्या वांट्यास आज किती कथा आली, तें पाहावें.