दोन बेलूर आणि नित्याचे नवल

बेलूर हे नाव ऐकताच वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा हासन जिल्ह्यातील बेलूर उभे राहते. होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या कारकीर्दीत, इ. स. १११७ मध्ये, तेथे चेन्नकेशवाची प्रतिष्ठापना झाली. २०२३ मध्ये हळेबीडू व सोमनाथपूर येथील मंदिरांसह या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. दूरदूरचे प्रवासी तेथे येतात आणि स्तिमित होऊन परततात. परंतु कर्नाटकात बेलूर नावाचे दुसरेही एक गाव आहे. धारवाडहून बेळगावकडे जाताना ते लागते. त्याच्या परिसरात आज औद्योगिक वसाहत आहे. या बेलुरास सौंदर्य पाहावयास कोणी जात नाही. जातात ते कामावर. विस्मयाचा वाटा पहिल्या बेलुराला आणि नित्यक्रम दुसऱ्याला, अशी ही वाटणी आपण सहज मान्य करतो. ती कितपत खरी आहे, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्या साहित्यशास्त्राचा प्रारंभ या वाटणीला अनुकूल आहे. भरताने अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय हा सांगितला आणि त्याची कारणे म्हणून दिव्य पुरुषांचे दर्शन, देवालये, विमाने, इंद्रजाल यांसारख्या लोकविलक्षण गोष्टी दिल्या. पण चौदाव्या शतकातील ‘साहित्यदर्पणा’त विश्वनाथाने आपल्या नारायण नावाच्या पूर्वजाचे एक मत नोंदविले आहे. चमत्कार हाच प्रत्येक रसाचा गाभा असून तो म्हणजे चित्ताचा विस्तार, म्हणजेच विस्मय होय. म्हणून अद्भुत सर्वत्रच आहे, असा त्याचा आशय. या मताने प्रश्नाचे स्थानच पालटते. वस्तू केवढी आहे याला मग महत्त्व उरत नाही. पाहणाऱ्याचे चित्त केवढे झाले, हे महत्त्वाचे ठरते. चेन्नकेशव मंदिरातील मदनिकांकडेच पाहा ना. हाती आरसा घेऊन उभी असलेली एक स्त्री, पोपटाशी बोलणारी दुसरी! या कृती कोणत्याही घरात रोज घडतात. पहिल्या बेलुरातील नवलही रोजच्या जगण्यातूनच उचललेले आहे.

मराठी गद्यात या दृष्टीचा मोठा पाठपुरावा लघुनिबंधाने केला. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी क्षुल्लक वाटणाऱ्या विषयांना साहित्यात मानाने बसविले. पुढे दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) बारा महिन्यांच्या ओळखीच्या झाडाफुलांकडे नव्याने पाहावयास शिकविले. हे ऋण मोठे आहे. तथापि लघुनिबंधाचा नायक बहुतेक वेळा पाहणारा असतो, करणारा नव्हे. त्याच्या हाताला थोडी सवड असते. चुलीवरच्या भाकरीचे तो कौतुक करतो. ती थापणारीला काय दिसले, हे मात्र त्याच्या लिखाणात क्वचितच येते. येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. रोजच्या जीवनातील सौंदर्य ही रिकामपणाची चैन तर नव्हे? दुसऱ्याच्या कष्टांवर चढविलेला गोड मुलामा तर नव्हे?

आक्षेप गंभीर आहे आणि त्याला केवळ तात्त्विक उत्तर पुरणार नाही. धारवाडकडच्या बायकांच्या हातात एक उत्तर आहे. त्याचे नाव कसुती.

कसुती म्हणजे इरकली लुगड्यावर, विशेषतः त्याच्या पदरावर, करावयाचे भरतकाम. ‘कै’ म्हणजे हात आणि त्याला जोडून सूत, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. या कामात कापडावर आधी चित्र रेखाटीत नाहीत. ताणा-बाण्याचे धागे मोजीत सुई चालते. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे टाक्यांचे चार प्रकार आहेत. मेंथी ही फुलीच्या टाक्याची, मेथीच्या दाण्यांची आठवण देणारी; नेगी विणकामासारखी दिसणारी; मुरगी पायऱ्यांसारखी चढत जाणारी. गवंतीचा टाका आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. सुई प्रथम एकेक टाका घालीत व तेवढीच जागा मोकळी सोडीत पुढे जाते. मग त्याच वाटेने परत येताना त्या मोकळ्या जागा भरून काढते. गाठ मारावयाची नसते. गवंती व मुरगी या टाक्यांत कापडाची उजवी आणि उलटी बाजू सारखीच दिसते. जाताना एक धागा मोजावयास चुकला, तर परतीची वाट जुळत नाही.

आणि भरावयाचे काय? गोपुर आणि रथ आहेत, हत्ती आणि मोर आहेत; पण त्यांच्याच शेजारी पाळणा आहे, अंगणातले तुळशीवृंदावन आहे, पोपट आहे. देवळाचा कळस आणि घरातला पाळणा एकाच मापाच्या धाग्यांनी, एकाच पदरावर येतात. वधूला द्यावयाच्या काळ्या चंद्रकळेवर ही नक्षी असावी, अशी जुनी चाल होती. ही कला कोणत्या दरबारी शिल्पशाळेत नव्हे, घरातली कामे उरकल्यावर, आईकडून मुलीकडे गेली. आक्षेपाचे उत्तर येथे मिळते. येथे पाहणारी आणि करणारी एकच आहे. तिला सवड थोडी होती, पण तिचे लक्ष पूर्ण होते. धागा मोजताना रोजचे वृंदावन तिला प्रथमच बांधावे लागले, आणि चित्ताचा जो विस्तार शास्त्रकाराने सांगितला, तो तिच्या बोटांतून झाला.

हीच गोष्ट शब्दांत बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) केली. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची कविता १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली, तेव्हा मराठी रसिक चकित झाले. घरोटा, चूल, सुगरणीचा खोपा हे तिचे विषय दुरून पाहिलेले नव्हते. ते तिच्या हाताखालचे होते. धारवाडातच, घरची भाषा मराठी असलेल्या द. रा. बेंद्रे यांनी पहाट आणि श्रावणसरी कन्नड कवितेत आणल्या, त्या गावच्या बोलीच्या आणि लोकगीतांच्या लयीत. अनुभव जगणाऱ्यांच्याच तोंडच्या भाषेला त्यांनी प्रमाण मानले, हे त्यांचे मोठेपण.

एक सावधगिरी मात्र राखली पाहिजे. जात्यावरच्या ओव्या सुंदर आहेत, म्हणून दळणाचे कष्ट सुंदर ठरत नाहीत. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते बाजूस सारले, हे योग्यच झाले. सौंदर्य कष्टात नव्हते. कष्ट करतानाही जागे राहिलेल्या मनात होते. कष्ट जावेत आणि ते जागेपण राहावे, ही खरी इच्छा. जाते गेले आणि ओवीही गेली, हे आपले नुकसान आहे. तिच्या जागी दुसरे काही आपण निर्माण केले नाही, ही त्याहून मोठी उणीव आहे.

म्हणूनच शेवटी धारवाडजवळच्या बेलुराकडे वळावेसे वाटते. यंत्रापुढे उभा राहून धातूच्या तुकड्याचे माप केसाच्या जाडीपर्यंत जुळविणारा कारागीर आणि पदराचे धागे मोजणारी स्त्री यांच्यात अंतर फार नाही. चुकलेल्या मापाला दोघांपाशीही क्षमा नाही. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या संग्रहातून नारायण सुर्वे यांनी कामगाराचे जग मराठी कवितेत त्याच्याच आवाजात आणले. पण त्याच्या हातातल्या कौशल्याचे नवल, त्या कामाचे शब्द, ते बरोबर जुळल्यावर होणारा आनंद यांची नोंद आपल्या वाङ्मयात अजून थोडीच आहे. ती त्यांच्यापैकीच कोणी करावी आणि आपण ती आदराने वाचावी, हे बरे.

पहिल्या बेलुराला जरूर जावे. परंतु तेथील आरसा धरलेली स्त्री पाहून परतल्यावर घरच्या आरशापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे जर आपली दृष्टी वळली नाही, तर प्रवास अर्धाच झाला. गवंतीचा टाका परतीच्या वाटेवरच पुरा होतो.