दुसरबीडच्या लेथवर भाल्यांची ऑर्डर

मेहकर ते सिंदखेडराजा या रस्त्यावर दुसरबीड हे आमच्या नेहमीच्या येण्याजाण्याचे गाव. येथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखराच्या पासा, शटर, ग्रील अशी कामे करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही गेल्या महिन्यात चहाला थांबलो होतो. मालक वयाने वडीलधारे, सारा बाजार त्यांना उस्ताद म्हणतो. त्यांनी गल्ल्यातून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्यावर हाताने काढलेले चित्र होते: लांब बारीक सळई, पुढे टोक आणि टोकाला उघडझाप होणारा उलटा काटा. माल स्टेनलेस स्टीलचा, नग पन्नास, आगाऊ रक्कम रोख.

“कोकणातून आली आहे. मासे मारायचे भाले म्हणतात. आमच्या मुलाचा दोस्त तिकडे पर्यटकांच्या बोटीवर कामाला आहे, त्याच्या ओळखीने आली. पैसा चांगला आहे. पण जो माणूस पावती नको म्हणतो, त्याचा माल करावा की नाही, हे तुम्ही सांगा.”

उस्तादांचा प्रश्न आम्हाला रास्त वाटला. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असला तरी ऑर्डर मोबाईलवर येते आणि माल ट्रान्सपोर्टने जातो. आपल्या हातचे हत्यार कोठे चालणार आहे, हे कारागिराला माहीत असले पाहिजे. म्हणून या विषयाची जी माहिती आहे, ती कारागीर व व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

दम धरून आणि टाकी बांधून

भाल्याने मासा मारणे हा फार जुना धंदा आहे. दम धरून बुडी मारायची, दिसेल तो मासा टिपायचा आणि वर यायचे. साधा माणूस पाण्याखाली मिनिट-दीड मिनिट टिकतो. त्यामुळे खोल कपारीतला मासा आपोआप वाचतो. या पद्धतीचा एक गुणही मान्य केला पाहिजे. जाळ्यात लहान-मोठे सारे सापडते. भालेवाला निवडून एकच मासा घेतो. तुटलेले जाळे वर्षानुवर्षे समुद्रात पडून मासे मारीत राहते, तसेही येथे होत नाही.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी पाठीवरच्या हवेच्या टाकीतून श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यालाच आपण स्कूबा म्हणतो. टाकीवाला पाऊण तास खाली राहू शकतो आणि कपारीत बॅटरी मारून शोधू शकतो. रात्री पोपट मासा खडकाच्या आडोशाला झोपलेला असतो. तो फळ तोडावे तसा उचलता येतो. माशाला लपायला जी खोली होती, तीच राहिली नाही.

यात गोबऱ्याचे नुकसान सर्वांत जास्त. मालवणकडे याला हेकरूही म्हणतात. हा मासा सावकाश वाढतो आणि आपली कपार सोडत नाही. त्याच्या बहुतेक जाती जन्मतः मादी असतात व मोठ्या झाल्यावर त्यांतले काही नर होतात. भालेवाल्याला तर मोठाच मासा हवा असतो. म्हणजे आधी नर संपतात आणि मागे राहिलेल्या माद्यांची अंडी फळत नाहीत. कळपातले सारे बोकड विकून टाकले तर पुढच्या वर्षी करडे कोठून येणार? हा हिशोब आपल्याकडच्या बकरीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

बाहेरच्या देशांनी काय केले

भूमध्य समुद्रात गोबरा याच रीतीने आटला. आज फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत टाकी लावून भाला चालवण्यास बंदी आहे. बहामा बेटांवर टाकी आणि भाल्याची बंदूक दोन्हींना मनाई आहे. अमेरिकन सामोआने ही बंदी २००१ मध्ये आणली. फ्लोरिडात टाकी लावून भाला चालवता येतो, पण तेथेही मनाईची क्षेत्रे आखून दिलेली आहेत.

फ्रान्सच्या पोर-क्रो बेटाभोवती १९६३ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे १९९३ मध्ये फ्रान्सने आपल्या भूमध्य किनाऱ्यावर गोबऱ्याला भाला मारण्यावरच बंदी घातली. आज तेथे गोबरे परत आले आहेत आणि त्यांना नुसते पाहण्यासाठी लोक पैसे मोजून बुडी मारतात. व्यापाऱ्याने यातून एवढेच ध्यानात घ्यावे की मारलेला मासा एकदाच विकला जातो, जिवंत मासा मात्र रोज नवे गिऱ्हाईक आणतो.

मालवणचा कायदा

आपल्या राज्यात हा प्रश्न मालवणला येऊन भिडतो. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटर हा गाभा. येथे पोवळ्यांचे खडक आहेत आणि तेच पाहायला पर्यटक तारकर्ली-मालवणला येऊन बुडी मारतात.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही. हत्याराच्या व्याख्येत गळ, चाकू, जाळे तर आहेतच, शिवाय प्राण्याला जखमी करू किंवा मारू शकणारे कोणतेही साधन आहे. २००२ च्या दुरुस्तीनंतर प्राणी या शब्दात मासाही येतो. तेव्हा भाला हे हत्यार नाही, असे म्हणायला जागा उरत नाही.

२००१ साली महाकाय गोबरा, बहिरी मासा म्हणजे व्हेल शार्क, समुद्री घोडे आणि पोवळी यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. परिशिष्ट एकमधील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आहे. दंडाची किमान रक्कम २०२२ च्या दुरुस्तीने १० हजारांवरून २५ हजार झाली. उरुसात आणि जत्रेत शंख-शिंपले व पोवळ्याच्या फांद्या विकणाऱ्या बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे. मालाचे बिल मागावे आणि समुद्री घोडा किंवा पांढरी फांदी कोणी स्वस्तात देऊ केली तर हात लावू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचे हित जपावे, असे कायदाच सांगतो. पण टाकी भाड्याने घेऊन हॉटेलसाठी रात्री गोबरे मारणारा हा काही तो रापणकरी नव्हे. तो त्याच रापणकऱ्याच्या पोटावर पाय देतो.

हे आपल्याला परके नाही. राहेरीच्या पुलाखालून वाहणाऱ्या खडकपूर्णेच्या काठच्या कोणत्याही भोई बांधवाला विचारावे. डोहात तोटा फोडला की एका दिवसाची टोपली भरते आणि डोह मात्र रिकामा होतो. नदीत स्फोटके आणि विष वापरण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. समुद्राचा नियम याहून वेगळा नाही.

ऑर्डरचे काय झाले

उस्तादांनी आमच्यासमोरच फोन लावला आणि तीन गोष्टी विचारल्या. माल कोणाच्या नावावर? भाले चालणार कोठे? टाकी लावून की दम धरून? पलीकडून उत्तर आले, “चाचा, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही सळई घासा.” उस्तादांनी आगाऊ रक्कम परत पाठवली. महिन्याची कमाई गेली हे खरे, आणि त्यांनी ते आमच्यापासून लपवलेही नाही. मुलाचा चेहरा उतरला होता.

मात्र समुद्राचे काम म्हणजे केवळ भाले नव्हेत. बुडी मारणाऱ्यांच्या बोटींना पाण्यात उतरायच्या शिड्या लागतात, टाक्या उभ्या ठेवायचे स्टँड लागतात. बोटीचा नांगर पोवळ्यावर पडू नये म्हणून कायमची दोरबांधणी केली तर तिला कड्या आणि साखळ्या लागतात. येथे एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडे ग्रीलला वापरतात ते ३०४ नंबरचे स्टेनलेस खाऱ्या पाण्यात टिकत नाही, त्याला बारीक खड्डे पडतात. तेथे ३१६ नंबर लागतो. त्यात मॉलिब्डेनम असते आणि तो महाग पडतो. दर सांगताना हा फरक धरावा, वेल्डिंगची कांडीही त्याच जातीची वापरावी आणि पावती पक्की द्यावी.

उस्तादांनी त्याच मुलाच्या दोस्ताकडून एका बोटीच्या शिडीचे माप मागवले आहे. नग एकच आहे, पण गिऱ्हाईकाने पावती मागितली आहे.