दाखला बनावट, सही मात्र खरी

परराज्यातला विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरच्या शाळेत आला, की त्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आपण पाहतो. त्याचे मुख्याध्यापक आपल्या ओळखीचे नसतात. विश्वास असतो तो वरच्या पदावर. ब्राउझर संकेतस्थळाची ओळख अशीच पटवतो. स्थळाच्या प्रमाणपत्रावर एका संस्थेची अंकीय सही, त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर वरच्या संस्थेची. ही साखळी ब्राउझरच्या विश्वासू संस्थांच्या यादीपर्यंत पोचली, की स्थळ खरे!

गोम अशी, की यादीतली संस्था सहसा कोणत्याही नावाला प्रमाणपत्र देऊ शकते. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे सापडली, तीही आपल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, दिलेली. एनआयसीवर भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांची सही होती आणि नियंत्रक मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. म्हणून विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ती प्रमाणपत्रे मान्य करी. असे प्रमाणपत्र हाती असलेला आणि तारेच्या मध्ये बसलेला माणूस आपला टपाल-परवलीचा शब्द सहज वाचू शकतो. फायरफॉक्स बचावला, कारण त्याची यादी वेगळी होती. क्रोमने गूगलच्या स्थळांच्या किल्ल्या आधीच नोंदून ठेवल्या होत्या. इतर बहुतेक स्थळांना मात्र ते संरक्षण नव्हते.

नियंत्रकांनी ३ जुलैला एनआयसीची प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे क्रोमने नियंत्रकांची सही ठरावीक भारतीय नावांपुरतीच मान्य करायचे ठरवले. आमच्या मते खरी दुरुस्ती हीच: जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने जिल्ह्यापुरतीच सही करावी.