बिलासपूरचे स्किनर

नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीत एक स्मारकस्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात, यमुनेच्या पूर्व काठावर, जनरल लेकच्या कंपनी फौजेने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याची ही खूण. शिंद्यांच्या बाजूने त्या दिवशी सेनापती होता लुई बुर्कां नावाचा फ्रेंच. इतिहासाच्या पुस्तकांत ही ‘दिल्लीची लढाई’, कुठे ‘पटपडगंजची लढाई’. मराठी माणसाने आवर्जून जाऊन बघावं असं त्यात काही नाही म्हणा. हरलेल्या लढाईचा, तोही जिंकणाऱ्याने उभारलेला खांब. पण या लढाईच्या कडेला उभा असलेला एक माणूस मात्र आडनावांच्या विज्ञानात रस असणाऱ्याने ओळख करून घ्यावी असा आहे.

जेम्स स्किनर. जन्म १७७८, कलकत्ता. बाप हर्क्युलिस स्किनर हा कंपनीच्या लष्करातला स्कॉटिश अधिकारी आणि आई भोजपूर भागातल्या एका राजपूत जमीनदाराची मुलगी. आई हिंदुस्थानी असलेल्यांना कंपनीच्या नोकरीची दारं १७९१ च्या आदेशाने बंद झाली होती. मग हा तरुण द ब्वान्य या सेनानीने उभ्या केलेल्या शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं, तेव्हा शिंद्यांचा फ्रेंच सरसेनापती पेराँ याने ब्रिटिश रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकलं. त्यात पंचविशीतला स्किनरही होता. म्हणजे कंपनीने आईमुळे घेतलं नाही आणि शिंद्यांनी बापामुळे हाकललं! दिल्लीच्या लढाईनंतर शिंद्यांचे जे घोडेस्वार लेककडे आले, त्यांनी आपला म्होरक्या म्हणून याच स्किनरची निवड केली. ‘स्किनर्स हॉर्स’ हे त्याचं पथक आजही भारतीय सैन्यात आहे. घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिलं. हिंदुस्थानी शिपायांनी स्किनरचं ‘सिकंदर साहेब’ करून टाकलं.

या घराण्याची एक जमीनदारी बिलासपूरला होती. हे छत्तीसगढचं बिलासपूर नव्हे. ग्रेटर नोएडाच्या पलीकडे, दनकौरजवळचा हा छोटा कसबा तेव्हा बुलंदशहर जिल्ह्यात होता. १९९७ मध्ये गौतम बुद्ध नगर जिल्हा झाला आणि बिलासपूर नोएडाच्या जिल्ह्यात आलं. भाटी, नागर, चौहान, यादव या आडनावांच्या मुलखात हे एक इंग्रजी आडनाव पिढ्यान्‌पिढ्या जमीनदार म्हणून नांदलं.

आता त्या आडनावाकडे वळू. स्किनर म्हणजे जनावराची कातडी काढणारा, ती कमावणारा किंवा विकणारा. मूळ शब्द इंग्लंडचाही नाही; व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतला ‘स्किन्न’ त्यांच्याबरोबर ब्रिटनच्या किनाऱ्याला लागला आणि तिथेच रुजला. मध्ययुगीन लंडनमध्ये स्किनर मंडळींचा व्यापार मुख्यतः उंची फरचा. त्यांच्या संघाला १३२७ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डने सनद दिली. हे लोक इतके वजनदार होते की शिंप्यांच्या संघाशी त्यांचा मानपानावरून तंटा पेटला: मिरवणुकीत सहावं कोण आणि सातवं कोण? १४८४ मध्ये लंडनच्या महापौराने निवाडा दिला की एका वर्षी एकाने सहावं चालावं, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. गावच्या जत्रेतल्या मानाच्या भांडणांवर हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर आधी सरदारांत आली आणि पुढच्या तीनशे वर्षांत सामान्यांपर्यंत झिरपली. १३७७ ते १३८१ दरम्यानच्या डोईपट्टीच्या नोंदी अभ्यासकांना खजिन्यासारख्या वाटतात त्या यामुळेच. गावावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून अशा चार वाटांनी ही आडनावं तयार झाली. आपल्याकडेही फार वेगळं नाही: सातारकर, सुतार, वाघमारे अशी उदाहरणं कुणालाही सुचतील. विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक मात्र निराळा आहे. एखाद्या आडनावाचा मूळपुरुष एक की अनेक? एका आडवळणाच्या वाडीवरून पडलेलं आडनाव एकाच कुटुंबातून पसरलेलं असू शकतं. धंद्याचं आडनाव मात्र प्रत्येक गावात स्वतंत्रपणे उगवतं. कातडी कमावणारा कुठल्या गावात नव्हता? म्हणून स्किनर इंग्लंडमध्येही सापडतात आणि स्कॉटलंडमध्येही, आणि त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. आपल्याकडचे पाटील असेच. कोल्हापूरचा पाटील, जळगावचा पाटील, रायगडचा पाटील यांना जोडणारं काय, तर एक जुनं पद. पाटील हा आपला स्मिथ आहे.

तरीही धंद्याच्या आडनावांचा नकाशा बोलका असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी १८८१ च्या जनगणनेतली आणि १९९८ च्या मतदारयाद्यांतली आडनावं शेजारी शेजारी नकाशावर मांडली, तेव्हा शंभरावर वर्षं उलटूनही अनेक आडनावं आपापल्या जुन्या मुलखाला चिकटून असल्याचं दिसलं. सुंदर उदाहरण लोकरी कापडाचं. विणलेलं कापड ओलं करून तुडवून घट्ट करणाऱ्याला इंग्लंडच्या आग्नेय भागात फुलर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेला वॉकर. काम एकच, बोली तीन, आडनावं तीन. धंदा कधीच यंत्राने गिळला, पण त्या बोलींच्या जुन्या सीमा आडनावांच्या नकाशात अजून दिसतात. महाराष्ट्राचा असा तपशीलवार नकाशा कुणीतरी करायला हवा. ‘वार’ने संपणारी आडनावं चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात दाट सापडतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ही दाटी नेमकी कुठे विरळ होते, हे दाखवलं तर भाषेच्या इतिहासाला मोलाची मदत होईल.

स्किनरच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. १८०० साली राजस्थानात उनियाराजवळच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि प्रेतांमध्ये पडून राहिला. त्याच्या आठवणी पुढे जेम्स बेली फ्रेझर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यात हे आलं आहे. जखमी होऊन दोन रात्री उलटल्यावर एक म्हातारं चर्मकार जोडपं टोपलीत भाकरी आणि मडक्यात पाणी घेऊन रणांगणावर आलं. स्किनर भाकरी खाऊन पाणी प्यायला. शेजारी पडलेल्या त्याच्या राजपूत सुभेदाराने मात्र, मरणाच्या दारात असूनही, त्या बाईच्या हातचं पाणी नाकारलं. ज्याच्या आडनावाचा अर्थच कातडं कमावणारा, त्याला चर्मकाराने वाचवलं, हा योगायोग स्किनरच्या मनात आला असेल का? बहुधा नाही. इंग्लंडात त्या आडनावाचा धंद्याशी संबंध कधीच तुटला होता. स्किनर नावाचा माणूस बिशप होऊ शकत होता, कर्नल होऊ शकत होता. आपल्याकडे तेच काम करणाऱ्याला शतकानुशतकं त्याच्या कामावरूनच तोललं गेलं. पुढे याच स्किनरने १८२५ मध्ये हिंदुस्थानातल्या जाती आणि त्यांचे व्यवसाय यांवर ‘तशरीह-उल-अक्वाम’ हा सचित्र ग्रंथ फारसीत सिद्ध केला.

आता रक्ताचा हिशेब. बापाचं आडनाव मुलाला मिळतं आणि बापाचं वाय गुणसूत्रही मुलालाच मिळतं. दोघांची वाट एकच, म्हणून आडनाव आणि वाय गुणसूत्र ताडून बघण्याची कल्पना पुढे आली. २००० साली ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा त्यातल्या जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच धाटणीचं निघालं. मग २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टूरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच मूळपुरुषाकडे जाणारे दिसले. स्मिथांमध्ये मात्र रस्त्यावरचे कुठलेही पुरुष उचलावेत तशी सरमिसळ होती. नियम सोपा आहे: आडनाव जितकं दुर्मीळ, तितकं ते रक्ताबद्दल खरं बोलण्याची शक्यता जास्त.

शंभर टक्के खरं मात्र कुठलंच बोलत नाही. दत्तक, घरजावई, मालकाचं आडनाव लावणारा नोकर, लपवलेलं पितृत्व, अशा कारणांनी आडनाव आणि गुणसूत्र यांची जोडी तुटते. दर पिढीत शंभरातल्या फक्त दोघांची तुटते असं धरलं, तरी पंचवीस पिढ्यांनंतर सुमारे चाळीस जणांच्या आडनावाचा मूळपुरुषाच्या गुणसूत्राशी काही संबंध उरत नाही.

आणि संबंध उरला, तरी तो केवढा? जेम्स स्किनरपासून आठव्या पिढीतला पुरुष वंशज घ्या, सगळे दुवे बापाकडून मुलाकडे आलेले. त्याचं आडनाव स्किनर आणि वाय गुणसूत्र स्कॉटलंडहून आलेलं, जवळपास जसंच्या तसं. पण उरलेल्या आनुवंशिक सामग्रीत जेम्सचा वाटा सरासरी २५६ त एक, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बाकीचं सगळं वाटेत आलेल्या बायकांकडून आणि त्यांच्या पूर्वजांकडून. खुद्द जेम्सच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, जी फक्त आईकडून येतात, भोजपूरच्या त्या राजपूत बाईची होती. ती जेम्सकडून पुढे कुणाकडेच गेली नाहीत, कारण पुरुष ती पुढे देऊच शकत नाही. नोएडातली चौहान, यादव ही नावं आणि आपल्याकडची चव्हाण, जाधव ही नावं सारखी वाटतात म्हणून एकच कुळ समजणाऱ्यांनीही हा हिशेब करून बघावा. प्रतिष्ठेच्या कुळाचं नाव घेण्याची हौस आपल्या देशात जुनी आहे.

आडनावं मरतातही. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये हे कोडं घातलं आणि पाद्री हेन्री वॉटसनने त्याचं गणित मांडलं. वॉटसनने सगळी आडनावं कधी ना कधी संपणारच, असा चुकीचा निष्कर्ष काढला. तो १९२७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांच्या गणिताने सुधारला. (हेच हाल्डेन पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) गणित मजेशीर आहे. दर पुरुषाला सरासरी १.२ मुलगे होतात, म्हणजे लोकसंख्या चांगली वाढते आहे आणि कुणाला किती मुलगे हे निव्वळ योगायोगाने ठरतं, असं समजा. तरीसुद्धा एका पुरुषापासून सुरू झालेल्या शंभर आडनावांपैकी सुमारे ६९ कधी ना कधी नामशेष होतात. वाढत्या समाजातही बहुतेक आडनावं मरतात ती पहिल्या काही पिढ्यांतच. एकदा दहा-वीस घरं झाली की धोका बराच टळतो. म्हणून पाटलांनी काळजी करायचं कारण नाही.

आडनावांवरून नात्यातली लग्नं मोजण्याचा प्रयोग १८७५ मध्ये चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने केला. त्याला कारण घरचंच होतं: चार्ल्स आणि एमा ही आते-मामे भावंडं. बायकोचं माहेर आणि सासर एकाच आडनावाचं असेल, तर नवरा-बायको चुलत भावंडं असण्याची शक्यता धरून त्याने अंदाज बांधला. आपल्याकडे ही पद्धत सपशेल आपटते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, पण तिचं आडनाव बहुधा वेगळं. नातं जवळचं आणि आडनावांत त्याचा पत्ता नाही! नोएडाच्या आसपासच्या गावांत तर स्वतःचं आणि आईचं, दोन्ही गोत्रं टाळतात, त्यामुळे तिथे नातंही नाही आणि समान आडनावही नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात उत्तर आणि दक्षिणेतला हा फरक आणि मधोमध उभा असलेला महाराष्ट्र सविस्तर मांडला आहे. इंग्लंडचं सूत्र उचलून इथे लावण्याआधी ते वाचायला हवं.

मराठी घराण्यांत कुलवृत्तांत छापण्याची चांगली रीत आहे. आनुवंशशास्त्राच्या अभ्यासकाला त्यासारखी सामग्री जगात फार ठिकाणी मिळत नाही. त्यातली उणीव एकच: मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच छाटली जाते, आणि सुनेच्या माहेराचं नुसतं आडनाव उरतं, गावसुद्धा नाही. तुमच्या घराण्याचा वृत्तांत पुन्हा निघणार असेल, तर लेकींची मुलं-नातवंडं त्यात लिहा, सुनांच्या आई-आज्यांची नावं आणि गावं विचारून घ्या. सांगू शकणाऱ्या आज्या आहेत तोवरच हे काम होणार आहे.