मुलांचा खेळ आणि वडील मंडळी

सात-आठ वर्षांचा मुलगा चेंडू घेऊन धांवत आहे. इतक्यांत मैदानाच्या कडेवरून वडील ओरडतात, "मार!" दुसऱ्या बाजूनें संघाचा शिक्षक ओरडतो, "दे!" मुलगा थबकतो, मान वळवून वडिलांकडे पाहतो, आणि तेवढ्यांत प्रतिस्पर्धी चेंडू काढून नेतो.

येथें मुलाचें काय चुकलें? फुटबॉल हा निमिषांत निर्णय घेण्याचा खेळ आहे. चेंडू पुढें न्यावा कीं सोबत्यास द्यावा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. त्यांतच खेळाचें शिक्षण आहे आणि त्यांतच त्याची गोडीहि आहे. बाहेरून आज्ञा आली कीं मुलाचें लक्ष चेंडूवरून उडून आज्ञा देणाराकडे जातें. मग तो खेळत नाहीं. परीक्षा देत असतो.

पालकांचा हेतु वाईट असतो असें नव्हे. पहाटे उठून मुलास मैदानावर पोंचविणारे तेच. परंतु प्रेमाबरोबर अपेक्षाहि येते, आणि मुलाच्या पराभवांत त्यांना स्वतःचा पराभव दिसूं लागतो.

जर्मनींतील आखेन शहराच्या परिसरांत २००७ सालीं यावर एक साधा उपाय योजण्यांत आला. त्याचे नियम तीनच. लहान मुलांच्या सामन्यास पंच नसावा. चेंडू रेषेबाहेर गेला कीं नाहीं, हें मुलांनींच आपसांत ठरवावें. दोन्ही संघांच्या शिक्षकांनीं एकाच ठिकाणीं उभें राहून अवश्य तेवढेंच बोलावें. आणि पालकांनीं मैदानापासून सुमारें १५ मीटर दूर थांबावें. गल्लींत विटीदांडू खेळणारीं मुलें आपले तंटे याच रीतीनें मिटवितात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पहिल्या नियमाचें नवल वाटणार नाहीं. तिसऱ्याचें मर्महि सोपें आहे: इतक्या अंतरावरून टाळ्या ऐकूं येतात, पण हलक्या आवाजांतील सूचना व टोमणे पोंचत नाहींत. जर्मन फुटबॉल महासंघानें पुढें ही पद्धति उचलून धरली.

मुलांना खेळांत आनंद कशानें होतो, याचा शोध अमेरिकेंतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडूनच घेतला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत आनंदाचीं ८१ कारणें नोंदलीं आहेत. मनापासून झटणें, सोबत्यांशीं सलोखा आणि शिक्षकाची आपुलकी यांना त्यांत अग्रस्थान मिळालें; जिंकण्याचा क्रमांक मात्र ४८ वा लागला.

मुलांना जिंकण्याची हौस नसते, असा याचा अर्थ नव्हे. गोल झाला कीं तीं नाचतातच, आणि हरलीं कीं रडतातहि. परंतु तें रडें बहुधा लवकर ओसरतें. ओसरूं देत नाहींत तीं वडील मंडळी, घरीं परततांना वाटेंत एकेक चूक उगाळून. अशा वाटा वाढत गेल्या म्हणजे एके दिवशीं मूल बूट कोपऱ्यांत टाकतें, आणि ज्या खेळासाठीं एवढा आटापिटा केला तो खेळच सुटतो.

म्हणून परततांना "किती गोल केलेस?" याऐवजीं "आज काय गंमत झाली?" एवढेंच विचारावें. मुलास सांगावयाचें असेल तें तो आपण होऊन सांगेल.