मिनेसोटात पेस्ट कंट्रोल बोलावताय?

पारा उणे २५ वर गेला की उंदीर-किडे मरतात, हा भ्रम सोडा. ते घरात शिरतात! उंदराला जेमतेम ६ मिलिमीटरची फट पुरते. म्हणून पेस्ट कंट्रोलवाला सप्टेंबरातच बोलवा. आल्या आल्या पंप मारू लागला तर थांबवा. टॉर्च घेऊन बेसमेंट, पाइपांभोवतीची भोकं, गॅरेजच्या दाराखालचं रबर तपासणारा खरा. भोकांत स्टील वूल कोंबून वरून सीलंट लावून घ्या. विष शक्यतो नकोच. उंदीर भिंतीत मेला की वास, आणि खिडक्या उघडायची सोय नाही! ऐन जानेवारीत घरात मोठे काळे मुंगळे दिसले, तर त्यांचं घरटं बहुधा घरातल्याच ओलसर लाकडात असतं. आणि हो, राज्याच्या कृषी खात्याचं लायसन्स आधी बघा, मगच पैशांचं बोला.